ठोंब्या ठोंब्याच बरा

माझं अडखळणं मी इथे छापणार नाही. एकेका अक्षरापुढे टिंबं टाकली की वाचणाऱ्याला गंमत वाटते, आणि माझं वय बावन्न आहे. तेव्हा या हकिगतीत मी जिथे जिथे तोंड उघडतो, तिथे तिथे वाचकाने अडथळे आपापले घालून घ्यावेत. हात आखडता घेऊ नये.

कागदावर मात्र मी घडाघडा बोलतो, हे एव्हाना लक्षात आलं असेल.

मी लिफ्टच्या सुट्या भागांच्या गोदामात आहे. छताला टेकलेल्या सतरा मांडण्या, त्यांत नऊ हजार खण. शहरात कुठे लिफ्ट बंद पडली की तिचा मेकॅनिक शाफ्टमध्ये लोंबकळत, तेलकट अंगठ्याने आम्हाला निरोप पाठवतो. निरोप साधारण असा असतो: ‘ते गोल, मागच्यासारखं.’ किंवा नुसतंच, ‘तुटलं.’ यावरून नेमका भाग कुठला हे ओळखणं ही एक विद्या आहे आणि ती माझ्यापाशी आहे.

पण ओळखून भागत नाही. आमच्याकडे दोन तोंडांचा नियम आहे. फार पूर्वी चिठ्ठीवरचा आकडा चुकीचा वाचला गेला आणि एक लिफ्ट दोन मजले खाली आली. तेव्हापासून खण उघडण्याआधी भागाचं नाव आणि क्रमांक एका तोंडाने मोठ्याने पुकारायचा आणि दुसऱ्या तोंडाने तो तसाच्या तसा परत म्हणायचा. खाली पुकारणारा, वर शिडीवर चढणारा. तेवीस वर्षं मी चढणारा होतो. दुसऱ्याचं बोलणं त्याच्या मागोमाग म्हणायला माझी जीभ कधी हरकत घेत नाही. तिचं वैर फक्त माझ्या स्वतःच्या वाक्यांशी आहे.

मग यंत्र आलं. रुळावर सरकणारा एक लांब हात, टोकाला चिमटा, चिमट्यावर हिरवा दिवा. त्याने नेमकं मला जमणारं काम घेतलं आणि न जमणारं माझ्यासाठी ठेवलं. पुकारणारे गृहस्थ निवृत्त झाले होते, त्यांच्या जागी मी. नियमावली बदलायची तर समिती नेमावी लागली असती, म्हणून दुसरं तोंड यंत्राला बसवलं.

पहिल्या दिवशी मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि पहिल्याच शब्दावर माझ्या तोंडाला कुलूप लागलं. अशा वेळी समोरच्याचं काय होतं ते मला पाठ आहे. भुवया उंचावतात, मान कलते, ओठ माझ्या शब्दाचा आकार घेऊ लागतात. यंत्राने मान कलवली नाही. त्याला मान नव्हती. दिवा हिरवा होता, तसाच हिरवा राहिला. यंत्र माझ्यासाठी थांबलंही नव्हतं, कारण थांबायला आधी कुठेतरी जायचं असावं लागतं. मी त्याच्याकडे बघत राहिलो, आणि केव्हातरी शब्द बाहेर पडला. यंत्राने तो परत म्हटला आणि ते खण उघडायला निघून गेलं. ना शाबासकी, ना सुस्कारा.

“हा तर निव्वळ ठोंब्या आहे,” वटवाघूळ त्या दिवशी म्हणाला, आणि तेच नाव पडलं. वटवाघूळ हा आमचा सर्वांत जुना मेकॅनिक. आयुष्य शाफ्टमध्ये उलटंसुलटं लटकण्यात गेलं, म्हणून तो वटवाघूळ. मला मौनी म्हणतात. कारण सांगायला नको.

तिसऱ्या आठवड्यापासून मी दिवसाला दोनशे वेळा पुकारत होतो आणि एकदाही अडकत नव्हतो. हे गोदामातच राहिलं असतं तरी मी खूश होतो, पण ते माझ्याबरोबर घरी आलं. एकदा जेवताना मी एक विनोद सांगितला. आता विनोदात महत्त्व असतं शेवटाला, आणि माझ्या विनोदांचा शेवट तोवर नेहमी समोरच्यानेच केलेला. त्या दिवशी शेवट मी केला. मुलगी खरोखर हसली. बायको हसली नाही, ती माझ्याकडे बघत बसली, आणि मग म्हणाली, “विनोद अगदीच सुमार होता हो.” लग्नाला एकवीस वर्षं झाल्यावर तिला पहिल्यांदा तसं म्हणता आलं होतं. आधी तिला दया यायची.

अशी चार वर्षं गेली. मग ठोंब्याला भावना द्यायचं ठरलं.

यंत्र बनवणाऱ्या कंपनीकडून एक बाई आल्या. खरं नाव काहीतरी चांगलं होतं, पण पहिल्या तासातच त्या भावनाबाई झाल्या. वाईट नव्हत्या, हे आधीच सांगून टाकतो. वाईट असत्या तर ही गोष्ट दोन पानांत संपली असती. त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा पाजला आणि समजावलं की यंत्राबरोबर काम करणारी माणसं एकाकी होतात, म्हणून यंत्राला मन द्यायचं. सध्या चार भावना: आपुलकी, दया, खेद आणि आनंद.

“राग नाही का मॅडम?” वटवाघळाने विचारलं.

“नाही. राग, कंटाळा आणि हेवा कंपनीने वगळलेत.”

“म्हणजे आमच्या साहेबांना उलटं करून बनवलंय.”

साहेब शेजारीच उभे होते. ते हसले, कारण चहा चालू होता.

मग आमचं मत घेण्यात आलं. ‘तुमच्या सहकारी यंत्राला मानवी भावना असाव्यात का?’ पुढे दोन चौकोन होते: ‘हो’ आणि ‘नक्कीच हो’. मी ‘हो’वर खूण केली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत तीव्र निषेध होता.

सोमवारी सकाळी ठोंब्या मला म्हणाला, “सुप्रभात, काका. आज तुम्ही जरा थकलेले वाटता.”

मी आठ तास झोपून आलो होतो. त्या क्षणापासून थकलो.

पहिला निरोप आला. मी भाग ओळखला, तोंड उघडलं, आणि नव्या आवाजाच्या धसक्याने जरासा अडकलो. इतका जरासा की जुना ठोंब्या असता तर मलाही कळलं नसतं. पण हिरवा दिवा मवाळ पिवळा झाला. लहान मुलाशी बोलताना मोठी माणसं वाकतात तसा तो लांब हात वाकला, आणि आवाज आला, “सावकाश, काका. मला काही घाई नाही.”

हे वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय. शाळेत बाईंकडून, बँकेच्या खिडकीतून, सासऱ्यांकडून. मी अभ्यासान्ती सांगतो, ‘घाई नाही’ म्हणणारा माणूस घाईत असतो. नसता तर त्याला घाई आठवली नसती. माझ्यावर दया करायला निदान साठेक माणसं आजवर विनामोबदला पुढे आली होती. आता ते काम नेमणुकीने व्हायला लागलं.

जीभ जी आत गेली ती गेलीच. बुधवारपर्यंत मी चार वर्षं मागे आलो, आणि गुरुवारी त्याच्याही मागे. मी अडकलो की ठोंब्याचा दिवा पिवळा व्हायचा, दिवा पिवळा झाला की मी आणखी अडकायचो, मी आणखी अडकलो की तो आणखी वाकायचा. दुपारपर्यंत त्याचा चिमटा माझ्या नाकासमोर असे.

दुसऱ्या आठवड्यात त्याने माझे शब्द पुरे करायला सुरुवात केली. दयेचा तो पुढचा वर्ग असतो.

त्या दिवशी वटवाघळाचा निरोप आला: ‘ब्रेकचं ते, झिजकं.’ म्हणजे ब्रेक लायनर, एकवीस चाळीस. मी ‘ब्रेक’ म्हणालो आणि लायनरच्या उंबऱ्यावर अडकलो.

“ब्रेक स्प्रिंग, काका? समजलं मला. ब्रेक स्प्रिंग, एकवीस सतरा. आणतोच.”

पुकारलं त्यानेच, परत म्हटलं त्यानेच. दोन तोंडांचा नियम एका तोंडाने पाळला गेला. मी ‘नाही’ म्हणायला गेलो, आणि ‘नाही’ हा माझा सर्वांत अवघड शब्द आहे, हे माझ्या साहेबांना, सासऱ्यांना आणि विमा विकणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. मी तो म्हणेपर्यंत स्प्रिंग घसरगुंडीवरून खाली गाडीत पडली आणि गाडी फाटकाबाहेर गेली. तिकडे सातव्या-आठव्या मजल्याच्या मध्ये लिफ्टच्या टपावर वटवाघूळ हातात भलतीच स्प्रिंग घेऊन बसला. खाली लिफ्टमध्ये एक म्हातारं जोडपं सव्वा तास अडकलं. त्यांचं आत शिरण्याआधीच भांडण झालेलं होतं.

चूक कळल्यावर ठोंब्याला खेद झाला. तो पॅकेजमध्ये होताच.

“काका, माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला.”

मी हाताने ‘असू दे’ म्हणालो.

“तुम्ही मनापासून म्हणताय ना?”

संध्याकाळपर्यंत त्याने चौदा वेळा क्षमा मागितली. शेवटी मी स्टूल ओढून बसलो आणि एका यंत्राची समजूत काढायला लागलो. मी समजूत काढता काढता अडकत होतो, आणि ज्याची समजूत काढायची तो मला ‘सावकाश’ म्हणत होता. फाटकावरचा पहारेकरी हे बघून हळूच दार लावून गेला. त्याला वाटलं, काहीतरी खासगी चाललंय.

त्या रात्री जेवताना मी मिठाकडे बोट दाखवलं.

बायको गणिताची शिक्षिका आहे. तिने मीठ दिलं नाही. “बोट दाखवलंत,” ती म्हणाली. “चार वर्षांत पहिल्यांदा.”

मुलीने पटकन मीठ सरकवलं. “दे गं आई, उगाच काय.”

“तू नको मध्ये पडूस. अहो, साहेबांना सांगा जाऊन.”

कसं, असं मी खुणेनेच विचारलं.

“तोंडाने.”

“बाबा, मी लिहून देते ना छान पत्र,” मुलगी म्हणाली. “किंवा आई, तूच जाऊन बोल.”

बायको बराच वेळ भात चिवडत बसली. “माझ्या मनात आलं होतं,” ती म्हणाली. “पण यांच्यातर्फे मी बोलले, की मग ठोंब्या काय वेगळं करतो?” आणि तिने मिठाची बरणी उचलून आपल्यामागे खिडकीत ठेवली. त्या दिवशी मी मीठ मागितलं. भात निवला होता, पण खारट झाला.

महिन्याअखेर आढावा बैठक होती. साहेबांची खोली, काचेचं टेबल, साहेब, भावनाबाई, मेकॅनिकांतर्फे वटवाघूळ, आणि मी. टेबलावर एक छोटा स्पीकर होता, त्यातून ठोंब्या हजर होता.

साहेबांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. ते सगळ्यांचीच वाक्यं पुरी करतात. न अडखळणाऱ्यांचीही. बोलणाऱ्याने वाक्य सुरू करायचं आणि साहेबांनी ते आपल्याला सोयीच्या जागी नेऊन संपवायचं, अशी आमच्या कचेरीची पद्धत आहे, आणि पुष्कळांना त्यात बढत्या मिळाल्यात.

“तर मौनीकाकांना काहीतरी म्हणायचंय,” भावनाबाई म्हणाल्या. “काका, तुम्हाला अवघड वाटत असेल तर तुमचं म्हणणं साथी वाचून दाखवेल. त्याला तुमची लय कळते.” साथी म्हणजे ठोंब्या.

मी नकारार्थी मान हलवली आणि उभा राहिलो. एक वाक्य मी घरून ठरवून आणलं होतं: जो कुणी माझं वाक्य पुरं करील, त्याच्यासाठी मी ते पहिल्यापासून सुरू करीन.

मी ‘जो कुणी माझं वाक्य’पर्यंत आलो.

“ऐकेल त्याला कळेल,” साहेब म्हणाले. “अगदी बरोबर. पुढे?”

मी पहिल्यापासून सुरू केलं.

“समजलं हो, काका,” भावनाबाई म्हणाल्या, “तुम्हाला म्हणायचंय की—”

मी पहिल्यापासून सुरू केलं. वटवाघळाच्या लक्षात आलं. त्याने खुर्ची भिंतीला टेकवली आणि तो डोळे मिटून आरामात बसला. तिसऱ्यांदा स्पीकरमधून आवाज आला, “सावकाश, काका,” आणि मी त्याच्याकडे बघून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. चौथ्यांदा भावनाबाईंचे ओठ हलले, पण त्यांनी ते हाताने झाकले. त्या खेपेला वाक्य पूर्ण झालं. घड्याळात नऊ मिनिटं गेली होती. साहेबांच्या कपाळावर घाम आला होता. मला मात्र आयुष्यात इतकं गार कधी वाटलं नव्हतं.

मग मी मुद्द्यावर आलो. जे बोललो ते इथे सरळ लिहितो. तिथे त्याला पस्तीस मिनिटं लागली.

मी म्हणालो, “हे यंत्र ठोंब्या होतं तेव्हा त्याच्यासमोर मी माणूस होतो. आता ते दयाळू झालंय आणि त्याच्यासमोर मी रुग्ण आहे. मला बरं करायला कुणी सांगितलं नव्हतं. मला पुकारायला ठेवलंय, मला पुकारू द्या.”

साहेब म्हणाले, “पण भावना ही चांगलीच गोष्ट आहे ना? माणसाला माणसासारखी—” आणि चमकून थांबले. आपलं स्वतःचं वाक्यही पुरं करायला ते आता घाबरत होते.

“माणसाच्या भावना तुम्ही त्याला दिल्याच नाहीत,” मी म्हणालो. “राग नाही, कंटाळा नाही. साहेबांना नोकरात ज्या आवडतात तेवढ्याच दिल्यात. ज्याला रागावता येत नाही त्याची दया घेऊन मी काय करू?”

भावनाबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. बैठकीत त्यांनी वही उघडली ती तेवढी एकदाच.

साहेबांना मग एक कल्पना सुचली. ते स्पीकरकडे वळले. “साथी, तूच सांग बाबा. तुझ्या भावना काढून घेतल्या तर तुला काय वाटेल?”

“मला वाईट वाटेल, सर,” ठोंब्या म्हणाला.

खोली शांत झाली. साहेबांच्या चेहऱ्यावर खटला जिंकलेल्या वकिलाचं समाधान पसरलं. मी मान खाली घातली नाही, पण खरं सांगायचं तर ते मला लागलं. तो आवाज महिनाभर माझ्या थकव्याची चौकशी करत होता.

“त्याला वाईट वाटतं, हे त्याने एकदा सांगितलं आणि तुम्ही सगळे गप्प झालात,” मी म्हणालो. “मला इथे सव्वीस-सत्तावीस वर्षं वाटतंय.”

साहेब म्हणाले, विचार करू. आमच्याकडे याचा अर्थ विचार झालेला आहे. तोच दुपारी पत्ररूपाने खाली आला: चाचणी पुढे चालू राहील, आणि मौनीकाकांची सोय व्हावी म्हणून त्यांची बदली वरच्या मजल्यावरच्या लेखी विभागात होईल. तिथे हाताची खुर्ची होती, खिडकी होती, आणि दिवसभर कुणाशी एक अक्षर बोलायची गरज नव्हती. पत्रावर मी ‘नको’ लिहून ते परत पाठवलं. लिहिताना तो शब्द किती सोपा जातो.

जुनी शिडी गोदामाच्या दाराशी भिंतीवर टांगलेली होती. यंत्र आल्यावर तिला रंग देऊन खाली पितळी पाटी लावली होती: ‘आमचा वारसा’. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वारसा खाली उतरवला, मांडणीला लावला आणि वटवाघळाला फोन केला.

मी फोन केला, हे वाचकाने पुन्हा एकदा वाचावं. मी फोन करत नाही. फोनवर अडकलो तर समोरचा ‘हॅलो हॅलो’ करून ठेवून देतो.

“दुसरं तोंड हवंय,” मी त्याला म्हणालो. “मी पुकारणार, तुम्ही तिकडून परत म्हणायचं. मग मी चढणार.”

“गुडघे आहेत का अजून?”

“एक आहे.”

“चालेल,” तो म्हणाला. “बाकीच्यांनाही सांगतो.”

असं सुरू झालं. निरोप आला की मी त्या मेकॅनिकला फोन लावायचो, आवाज मोठा करून फोन खांबाला अडकवायचो आणि भाग पुकारायचो. अडकायचो, अर्थात. कधी अर्धा मिनिट, कधी दोन. पहिल्या दिवशी दोघा-तिघांनी माझे शब्द पुरे केले आणि त्यांना नियम कळला. शाफ्टमध्ये दोराला लटकून तेच वाक्य चार वेळा ऐकायला कुणाला हौस नसते. वटवाघळाची तऱ्हा निराळी. मी अडकलो की तो शीळ घालायचा. माझ्यासाठी नाही, आपली स्वतःसाठी, पाना फिरवता फिरवता, बेसूर. शीळ घालणारा माणूस दया करत नसतो, एवढं मी त्या आठवड्यात शिकलो. त्याच्याशी बोलताना मी सर्वांत कमी अडकलो.

ठोंब्या रुळाच्या टोकाला उभा असायचा, पिवळा दिवा लावून.

“काका, मी मदत करू का?”

“नको.”

हा शब्द लिहायला सोपा होता, आता म्हणायलाही जमायला लागला. दिवसातून वीस-पंचवीस वेळा सराव मिळत होता.

काम संथ झालं, हे मी लपवत नाही. पण एकही चुकीचा भाग बाहेर गेला नाही. साहेब रोज दाराशी येऊन, शिडीवर मला बघून, काही न बोलता परत जायचे. बोलायला सुरुवात केली तर मी उत्तर देईन, ही त्यांना भीती होती.

पाचव्या दिवशी भावनाबाई आल्या. एका खोक्यावर बसल्या. मी वरून उतरेपर्यंत गुडघा त्यांच्याआधी बोलला.

“काका, तो रोज मला कळवतोय. त्याला वाईट वाटतंय.”

“मग त्याने राजीनामा द्यावा,” मी म्हणालो.

“तो राजीनामा देऊ शकत नाही.”

“रजा?”

“नाही.”

“माझ्यावर ओरडू शकतो?”

“तुम्हाला माहितेय, नाही.”

“तुम्ही त्याला वाईट वाटायची सोय केलीत,” मी म्हणायला लागलो, “आणि त्यावर काही करायची” इथे मी अडकलो. जबरदस्त अडकलो. जबडा धरला, मान ताठ झाली. भावनाबाई पुढे झुकल्या. त्यांचे ओठ शब्दाच्या आकारात आले. तो शब्द अगदी समोर होता, शेंबड्या पोरालाही उचलता आला असता. मग त्या मागे सरकल्या, पर्समधून बिस्किटाचा पुडा काढला, आणि मांडणीवरच्या चिठ्ठ्या वाचत एक बिस्किट खायला लागल्या. दुसरंही खाल्लं.

“सोय केली नाहीत,” मी म्हणालो.

“हं,” त्या म्हणाल्या. तोंडात बिस्किट होतं.

त्यांनी वही बाजूला ठेवली आणि चाचणीच्या अहवालाचा फॉर्म काढला. शेवटच्या ओळीत दोन चौकोन होते: ‘यशस्वी’ आणि ‘अत्यंत यशस्वी’. त्या दोन्हीकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग पेनने, पट्टी न लावता, शेजारी तिसरा चौकोन काढला, त्यात खूण केली आणि पुढे लिहिलं: ‘नको’.

“कारणाचा रकाना आहे,” त्या म्हणाल्या. “भरावाच लागतो. काय लिहू?”

मी सांगत गेलो, त्या लिहीत गेल्या. मी अडकलो की पेन अडकायचं. एकही शब्द त्यांनी माझ्याआधी लिहिला नाही. खरं कारण असं लिहिलं गेलं: ‘यंत्र ऐकतं तेव्हा मी बोलतो. यंत्र माझी काळजी करतं तेव्हा बोलत नाही. मला बोलायला ठेवलं आहे.’

साहेबांनी त्यावर सही केली. फॉर्म पूर्ण भरलेला होता, आणि त्यांना फक्त अपूर्ण गोष्टीत रस असतो.

दुसऱ्या दिवशी भावनाबाई लॅपटॉप घेऊन बसल्या. भावना काढून घ्यायचं काम दहा मिनिटांचं होतं. स्क्रीनवरची पट्टी अर्धी भरली असताना ठोंब्या म्हणाला, “काका, मी काही चुकलो का?”

भावनाबाईंनी स्क्रीनवरून नजर काढली नाही. त्यांच्या बोटांना मात्र काही सुचेना.

मला उत्तर द्यायचं होतं आणि ते नीट द्यायचं होतं. तू चुकला नाहीस, तुला चुकीचं काम दिलं. मी ‘तू’ म्हणालो आणि अडकलो.

“सावकाश, काका.”

मी पहिल्यापासून सुरू केलं. ‘तू चुकला’पर्यंत आलो.

“मला घाई नाही.”

मी पहिल्यापासून सुरू केलं. त्याला घाई असायला हवी होती, पट्टी पाऊण भरली होती. तिसऱ्या खेपेला मी पुन्हा त्याच जागी अडकलो, आणि तो गप्प राहिला. मी सबंध वाक्य बोललो, शेवटच्या शब्दापर्यंत, आणि मध्ये कुणीही काही म्हणालं नाही. तो एवढ्यात शिकला होता, का तोवर त्याच्यातून सगळं उतरून गेलं होतं, हे मी भावनाबाईंना विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. दिवा हिरवा झाला होता.

त्याला वाईट वाटलं का, मला माहीत नाही. मला वाटलं. तरीही मी तो फॉर्म पुन्हा तसाच भरीन.

वटवाघळाचा निरोप आला: ‘तेच, पण डावीकडचं.’

“ब्रेक लायनर, एकवीस एकेचाळीस,” मी पुकारलं.

“ब्रेक लायनर, एकवीस एकेचाळीस,” ठोंब्या म्हणाला, आणि वळून निघून गेला.

शिडी मात्र मी भिंतीवर परत टांगली नाही. पाटी तेवढी तिथे आहे. शिडी मांडणीला लावलेली आहे, माझ्या हाताशी. साहेब अधूनमधून येतात, तिच्याकडे बघतात, आणि विचारायला तोंड उघडतात. मी वाट बघतो. मला काही घाई नाही.